यात्रा एकदा, वारी नित्य



चातुर्मास जवळ आला म्हणजे आपल्या घरोघरी नियमांची बोलाचाली सुरू होते. कोणी वांगे सोडतो, कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहण्याचा संकल्प करतो. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, सोडावयाच्या कांद्याचा भजी-थालीपिठांच्या रूपाने यथेच्छ समाचार घेतला जातो. पुढे चार महिने नियम निष्ठेने चालतो, आणि कार्तिकी झाली की तोच कांदा पुन्हा सन्मानाने घरात येतो. यात वावगे काही नाही. व्रताला जसा आरंभ आहे तसे उद्यापनही आहे. परंतु देहाचा वाढलेला भार उतरवताना मनुष्य जेव्हा हीच रीत लावतो, तेव्हा मात्र तो फसतो. आदल्या दिवशी कांदेनवमी, मग चार महिने कडक व्रत, आणि काटा मनाजोगा आकडा दाखवू लागला की उद्यापन! उद्यापनानंतर काय होते ते आपण सर्वजण पाहतोच. भार उतरवणे अवघड आहे खरे. पण उतरलेला राखणे त्याहून अवघड आहे, आणि आजचे निरूपण या राखण्याविषयी आहे.

आता कोणी म्हणेल, "बुवा, नामाचा महिमा सांगायचा सोडून हे वजनाचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. पण अहो, वारकऱ्याचे सगळे साधन पायांवर उभे आहे. आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. अठरा-वीस दिवस रोज चालायचे, वाटेत दिवेघाट चढायचा, वाळवंटात उभे राहून नाचायचे. गुडघा रुसला की दिंडी पुढे जाते आणि आपण मागे राहतो. ही गोष्ट दोन-चार जणांची राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शंभर प्रौढांत अकरांहून अधिक जणांना मधुमेह, पस्तीस जणांना वाढलेला रक्तदाब, सुमारे एकोणतीस जण स्थूल, आणि पोटाचा घेर वाढलेले तर जवळजवळ चाळीस. आपल्या लोकांसाठी वैद्यकाने ठरवलेली कमरेची मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर आहे. सुतळीचा एक तुकडा घेऊन ज्याने त्याने आपापली पाहणी करावी. दुसऱ्याची करू नये.

येथे एक दृष्टांत सांगतो. आमच्या परिचयाचे एक माळकरी आहेत. तालुक्याच्या गावी किराणा दुकान. वय पंचावन्न, वजन ब्याण्णव किलो. गुडघे सुजले, साखर वाढली. डॉक्टरांनी सांगितले, "वजन उतरवा, नाहीतर पायी वारी विसरा." गृहस्थ जिद्दीचे. पाच महिने मुगाचे कढण, काकडी आणि गरम पाणी यांवर राहिले आणि चौदा किलो उतरवले. त्या वर्षी दिवेघाट टाळ वाजवीत चढले. द्वादशीला पंढरीत पानावर पुरणपोळी आली तेव्हा आम्हाला म्हणाले, "महाराज, सुटलो एकदाचा!" आम्ही म्हणालो, "माऊली, सुटलात की सोडलेत?" तेव्हा हसले. कार्तिकीला भेटले तोवर नऊ किलो परत आले होते, आणि पुढच्या ज्येष्ठात काटा चौऱ्याण्णववर. त्या वर्षी ते दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसून गेले. पुढे एकदा ते आम्हाला म्हणाले, "महाराज, ट्रकच्या फळीवर बसून खाली आपली दिंडी घाट चढताना पाहिली. टाळ हातात होता, पण वाजवायला लाज वाटली."

आमच्या शास्त्रात याला गजस्नान म्हणतात. हत्ती नदीत तासभर डुंबतो, महात घासूनपुसून त्याला स्वच्छ करतो. आणि काठावर येताच हत्ती सोंडेने धूळ उचलून अंगावर उधळून घेतो. स्नान खोटे नव्हते, मेहनतही खोटी नव्हती. पण स्नानानंतर काय करायचे याचा विचार झाला नव्हता.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. कोणी म्हणतो, "वजन परत आले म्हणजे मनुष्य जिभेचा गुलाम. त्याला निग्रह नाही." हा आरोप फार झटपट केला जातो, म्हणून त्याचे उत्तर नीट ऐकावे. देह हा मोठा जुना आणि सावध कारभारी आहे. हजारो वर्षे त्याने दुष्काळ पाहिले. भराभर वजन उतरले की त्याला वाटते दुष्काळ पडला. मग तो खर्च आवरतो आणि भूक वाढवतो. २०११ साली मेलबर्न येथील संशोधकांनी प्रसिद्ध केले की, दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांच्या शरीरात भूक वाढवणारे स्राव वर्ष उलटल्यावरही चढलेले आणि तृप्ती देणारे स्राव उतरलेले होते. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्या चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. स्पर्धेत सरासरी अठ्ठावन्न किलो उतरले होते, त्यांतले एक्केचाळीस परत आले होते. शिवाय नुसते बसून असताना त्यांचा देह अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करीत होता. पाचशे कॅलरी म्हणजे एका वेळचे साधे जेवण! तेव्हा भार परत आला म्हणून कोणाला पापी ठरवू नये. कोणाला वंशाने, कोणाला औषधांनी, कोणाला थायरॉइडच्या विकाराने भार येतो. आमच्या कीर्तनकार बंधूंनाही एक विनंती: कोणाच्या पोटाकडे बोट दाखवून मंडपात हशा पिकवणे हा विनोद नव्हे. तो मनुष्य हसतो, पण पुढच्या वेळी मागे जाऊन बसतो.

मग देह असा उलट ओढणारा असेल तर उपाय काय? उपाय एकच. देह ज्या चिकाटीने ओढतो, त्याच चिकाटीचा नियम हवा. चार महिन्यांचे व्रत त्याला पुरे पडत नाही. यात्रा आणि वारी यांत हाच भेद आहे. यात्रा एकदा केली की झाली; काशीचे गंगाजल घरी आणले, मावंदे घातले, कृतार्थ झालो. वारीला मावंदे नाही. ती येरझार आहे. जायचे, यायचे आणि पुन्हा जायचे. गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा ती कधी उतरवायची असे कोणी विचारीत नाही. भार उतरवणे ही यात्रा. राखणे ही वारी.

पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्याची तीन अंगे सांगितली आहेत: तो दीर्घकाळ चालावा, खंड न पडता चालावा, आणि आदराने चालावा. हीच तीन अंगे आपण आपल्या विषयाला लावून पाहू.

पहिले अंग, दीर्घकाळ. जे दीर्घकाळ चालवायचे ते सोसेल एवढेच घ्यावे लागते. मुगाच्या कढणावर मनुष्य पाच महिने राहील, पंचवीस वर्षे राहणार नाही. याविषयी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मोठी शहाणपणाची रीत सांगितली आहे. अंगवळणी पडलेले अहितकर असेल तर ते एकदम तोडू नये. चौथाई-चौथाईने, मध्ये दिवस जाऊ देऊन सोडावे आणि त्याच मापाने हितकराचा स्वीकार करावा. असे क्रमाने सोडलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने जोडलेले गुण हलत नाहीत, असा त्यांचा अभिप्राय आहे. पहा, "परत येत नाहीत" ही नेमकी आपली गरज! उदाहरण चहाचे घ्या. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, अदमासे चाळीस ग्रॅम. वर्षाची बेरीज साडेचौदा किलो होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एकदम बिनसाखरेचा चहा प्याल तर तिसऱ्या दिवशी चहाबरोबर नियमही थुंकाल. दोनाचे दीड चमचा करा, जीभ रुळू द्या. मग एक, मग अर्धा. भाताचे, तेलाचे, फरसाणाचे असेच. ताटात भाकरी एक चतकोर कमी आणि पालेभाजी, उसळ, कोशिंबीर तेवढी जास्त. लंडनच्या संशोधकांनी पाहिले की नवी सवय आपोआप घडू लागण्यास सरासरी सहासष्ट दिवस लागतात. कोणाला अठरा पुरतात, कोणाला अडीचशेंवर लागतात. तेव्हा शेजाऱ्याला महिन्यात साधले आणि आपल्याला साधले नाही म्हणून खट्टू होऊ नये. खांब जमिनीत ठोकताना हलवून हलवून ठोकतात, तसाच तो पक्का होतो. याला स्थूणानिखनन न्याय म्हणतात.

दुसरे अंग, अखंडपणा. आपल्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. म्हणजे एकच मनुष्य सात दिवस उभा असतो काय? नाही, पहारा बदलतो. एकाचे पाय दुखले की दुसरा वीणा गळ्यात घेतो. घरातही तसेच करावे. पावसामुळे फिरणे राहिले तर त्या दिवशी रात्रीचे जेवण हलके ठेवावे. लग्नघरी पंगतीत चार घास जास्त गेले तर दुसऱ्या दिवशी मैलभर अधिक चालावे. एक दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही त्या लंडनच्या अभ्यासात आढळले. माळ तुटली तर आपण मणी गोळा करून पुन्हा ओवतो. "तुटलीच आहे तर राहू दे" असे कोणी म्हणत नाही. मोडते ती सवय "आता चुकलेच आहे तर सोमवारपासून पाहू" या वाक्याने.

आता चालण्याचा हिशेब पहा. आपण वर्षातून एकदा अडीचशे किलोमीटर चालतो आणि उरलेले साडेतीनशे दिवस त्या पुण्याईवर बसून काढतो. त्याऐवजी रोज तीन किलोमीटर, म्हणजे सावकाश हरिपाठ म्हणून व्हावा आणि वर थोडा वेळ उरावा एवढेच, चाललो तर वर्षाला एक हजार पंचाण्णव किलोमीटर होतात. आळंदी ते पंढरी हे अंतर चार वेळा पार पडून वर उरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. ते यात सहज बसतात. मात्र उतरलेला भार राखायचा तर याहून थोडे अधिक लागते. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवलेली आहे. तेरा-साडेतेरा किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवून वर्षभर तरी राखलेल्या हजारो लोकांची तीत नोंद आहे. त्यांच्यातील दहांपैकी नऊ जण रोज सरासरी तासभर अंगमेहनत करतात आणि तीही बहुतेक चालण्याची. चारांपैकी तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. बहुसंख्य लोक सकाळची न्याहारी चुकवीत नाहीत. आणि धीर देणारी गोष्ट अशी की, दोन ते पाच वर्षे ज्याने राखले त्याला पुढे राखणे सोपे जाते. पहिली दोन वर्षे हाच खरा दिवेघाट आहे. पुढे सपाटी लागते.

काट्याविषयी एक शब्द. काटा हा न्यायाधीश समजू नये, मुनीम समजावा. आठवड्याचा एक वार ठरवून सकाळी उभे राहावे आणि आकडा वहीत टिपावा. दोन किलो वर गेले तर लगेच सावध व्हावे. दोन उतरवणे हे पंधरवड्या-महिन्याचे काम आहे, चौदा उतरवणे पुन्हा वर्षाचे.

तिसरे अंग, आदर. येथे आपले खरे दुखणे आहे. एकादशीचेच पहा. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण कोणा नास्तिकाने केलेली नाही. ती आपल्याच माजघरातली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व. त्यावर शेंगदाण्याचे कूट आणि तूप, दुपारी वडे, रात्री रताळ्याचा शिरा. उपवास म्हणजे देवाच्या जवळ बसणे. आपण कढईच्या जवळ बसतो! एकादशीला फळ, ताक, थोडी भगर घेतली आणि वेळ नामात घालवला तर नियमालाही मान राहतो आणि पोटालाही विसावा मिळतो. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निराहार राहू नये; साखर एकाएकी खाली जाऊन जीवावर बेतते. विठोबाला तुमची मूर्च्छा नको आहे.

आदर अन्नाचाही हवा. आमच्या मायभगिनींची एक सवय आहे: सगळ्यांची जेवणे झाली की पातेल्यातले उरलेसुरले स्वतःच्या पानात घ्यायचे, का, तर अन्न वाया जाऊ नये. भाव थोर आहे, पण भूक नसताना पोटात टाकलेले अन्न वाचले असे होत नाही. मोजून शिजवावे, उरले तर झाकून ठेवावे, शेजारी द्यावे. तसाच पंगतीतला आग्रह. आम्हा कीर्तनकारांना गावोगावी आग्रहाचे ताट वाढले जाते. आम्ही पहिल्या वाढीतच हात जोडून सांगतो, "माऊली, प्रेम पोचले, आता वाढी पुरे." गेली तीस वर्षे कोणी रागावलेले आम्हाला आठवत नाही. वाग्भटाचार्यांनी जठराचे चार भाग कल्पिले: दोन अन्नाला, एक पाण्याला, आणि एक वायूच्या फिरण्यासाठी मोकळा. तो चौथा भाग मोकळा ठेवणे हाच देहाचा आदर आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणारा आणि अगदी न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असा इशारा आहे, आणि चरकांनी निंद्य देहांच्या यादीत अतिस्थूलाबरोबर अतिकृशही घातला आहे. म्हणून ज्यांना मुळात भार नाही, जे वृद्ध क्षीण आहेत, ज्या गर्भवती आहेत, त्यांनी हे निरूपण वाचून घास कमी करू नयेत.

अलीकडे वजन उतरवण्याची आठवड्याला टोचावयाची औषधे निघाली आहेत. २०२५ पासून ती आपल्याकडेही मिळू लागली. ज्याला डॉक्टरांनी ती दिली त्याने ती अवश्य घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण त्यांची कथाही तीच आहे. अशा एका औषधाविषयी २०२२ साली प्रसिद्ध झाले की, टोचणे थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातील दोन-तृतीयांश परत आले. मग औषध दीर्घकाळ घ्यायचे की कसे, ते डॉक्टरांनी ठरवावे; आपण आपल्या मनाने बंद करू नये. परंतु औषध चालू असो वा नसो, नियम चालूच राहिला पाहिजे.

आता त्या दुकानदार माळकऱ्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. ट्रकमधल्या त्या वारीनंतर त्यांनी चौदा किलोंचा नाद सोडला. चहाची साखर चौथाईने उतरवली. रात्रीचे जेवण दुकान बंद झाल्यावर दहाला होत असे, ते सूनबाईंनी दिवेलागणीच्या सुमारास डब्यातून दुकानात पाठवायला सुरुवात केली. दुकान बंद झाल्यावर नवरा-बायको हरिपाठ म्हणत वेशीपर्यंत जाऊन येऊ लागली. ज्या काट्यावर पोती तोलतात, त्याच काट्यावर दर सोमवारी सकाळी शेठजी स्वतः उभे राहू लागले. वर्षात आठ किलो उतरले. आज सहा वर्षे झाली. काटा पंच्याऐंशी आणि सत्त्याऐंशीच्या मध्येच फिरतो आहे. चौदांपेक्षा आठ कमी खरे. पण ते चौदा चार महिन्यांचे पाहुणे होते आणि हे आठ गेले ते गेले. शरीराच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के भार उतरला आणि तसा राहिला तरी रक्तदाब आणि साखर यांना उतार पडतो, असे वैद्यक सांगते. आणि आपल्या देशातच झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लोकांनी आहार आणि चालणे यांचा नियम धरला तेव्हा वजन फारसे न उतरताही मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. म्हणजे फळ काट्यावर दिसो न दिसो, नियम आपले काम आतून करीतच असतो. नामाचेही असेच नाही का?

तात्पर्य असे: किती उतरवू हा प्रश्न दुसरा, मरेपर्यंत काय सोसेल हा पहिला. जे आनंदाने आयुष्यभर करता येईल तेवढेच आज घ्या, पण घेतले की त्याला उद्यापन ठेवू नका. या एकादशीला एकच नियम घ्या: अर्धा चमचा साखर, एक चतकोर, वेशीपर्यंतचा एक फेरा, यांपैकी कोणताही. तो अंगवळणी पडला की दुसरा घ्या. घरातल्या एकाला सोबतीला घ्या, म्हणजे आपण थकलो तर वीणा घ्यायला कोणीतरी उभे असेल. देह हा भाड्याचा वाडा आहे, तो एक दिवस सोडायचाच आहे. पण जोवर राहतो आहोत तोवर त्याची ओसरी झाडलेली असावी, कारण त्या ओसरीवर नाम बसणार आहे. पुढच्या ज्येष्ठात पालखी निघेल तेव्हा आपल्यातले जास्तीत जास्त जण ट्रकच्या फळीवर न दिसता टाळ घेऊन घाटात दिसावेत, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

॥ राम कृष्ण हरी ॥